दोघींचं ॲडमिशन

रंगरावांसमोर गमतीत काही बोलायचं नसतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेलूबाजारच्या एका लग्नात कुणा सोयऱ्यानं त्यांच्या कोऱ्या मोटारसायकलची तारीफ केली, तेव्हा ते 'पसंत हाय तं घेऊन जा' असं तोंडदेखलं बोलून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः गाडी नेऊन त्या माणसाच्या दारात उभी केली आणि एसटीनं परत आले. घर आठ दिवस सुतकात असल्यासारखं होतं, पण रंगराव म्हणाले, "बोललो तं बोललो."

हे सगळं माहीत असूनही त्यांची नात रुचिका चुकली. बारावीचा निकाल नुकता हातात आलेला, डोक्यात अकोला भरलेलं. अशा वयात माणूस चुकतोच.

वाशीमपासून रिसोडच्या रस्त्यावर, गाव संपता संपता त्यांचा मळा होता. पहाटे बाजाराला माल जायचा, म्हणून घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी शेडखाली जुड्या बांधता बांधताच ठरत. त्या दिवशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या चालल्या होत्या. रंगरावांचा मोठा मुलगा दिनेश, म्हणजे रुचिकाचा बाप, क्रेट भरत होता. धाकटा ऋषिकेश टेम्पोचे आरसे पुसत होता. आणि ऋषिकेशची बायको वर्षाराणी दातात सुतळीचा तुकडा धरून एकामागून एक जुडी वळत होती.

"अकोल्याले नाही," दिनेश म्हणाला. "वाशीममधी महिला कॉलेज हाय. सकाळी जा, दुपारी ये."

"बाबा, त्या महिला कॉलेजात महिलाच नाहीत!" रुचिका फणकारली. "पोरी नाहीत म्हनून बंद पाडून राह्यले म्हनतात. अकोल्याले माह्या साऱ्या मैत्रिणी चालल्या."

"आन् होस्टेलात खाशीन काय?" आजी प्रयागबाई म्हणाल्या. "घरी दोडक्याची भाजी केली का तोंड वाकडं करतं. तिथी कोन करन तुह्यासाठी वेगळी?"

"आई, दोडक्यासाठी पोरीचं शिक्षन थांबवता का?" रुचिकाची आई ललिताबाई पुटपुटली. तिला मनातून मुलगी अकोल्याला जावी असं वाटत होतं, पण नवऱ्यादेखत तसं म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून ती दोडक्याच्या आडून बोलत होती.

रुचिकानं सगळ्यांकडे पाहिलं. बाप हलणार नाही, आजी हलणार नाही, आई अर्धीच हललेली. मग तिनं एक अशी अट शोधली, की जी कोणी पुरी करूच शकणार नाही.

"ठीक हाय. जातो मी महिला कॉलेजात. पन एकटी नाही जानार. काकूचं बी ॲडमिशन करा माह्यासंगं. काकू येत असन, तं मी येतो."

ऋषिकेश हसला. दिनेशही हसला. वर्षाराणीला हसायचं होतं, पण दातात सुतळी होती.

"मंजूर," शेडच्या खांबाला टेकून बसलेले रंगराव म्हणाले.

आरसा पुसणारा फडका थांबला. "बाबा, पोरगी मजाक करून राह्यली," ऋषिकेश घाईनं म्हणाला.

"तिनं मजाक केली असन. म्या नाही केली."

"अवो, पन जुड्या कोन बांधन? आमच्या पोरीची, सायलीची शाळा, डब्बे, सैपाक..."

"कॉलेज सकाळी फटफटल्यावर थोडी असते? जुड्या झाल्यावर जाईन ते."

ते, म्हणजे वर्षाराणी. तिच्याबद्दल सगळे बोलत होते आणि ती तिथंच बसली होती. ती केनवडच्या शाळेतून बारावी झाली होती, आणि निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिला हळद लागली होती. तेव्हापासून तिच्या हातून किती जुड्या गेल्या असतील, ते त्या बालाजीलाच माहीत. आता तिला काय वाटतंय, हे कुणीच विचारलं नाही. तिनं सुतळी काढून एकाच जुडीला दोनदा गाठ मारली. भीतीनं की आनंदानं, ते काही तिला कळेना.

*

कॉलेज बाजारामागच्या गल्लीत होतं. खाली एक पिठाची गिरणी, तिच्या शेजारून वर जाणारा जिना, आणि वर चार खोल्या. गिरणी चालू असली की जमीन थोडी थरथरायची.

ऑफिसातल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "मुलीचं नाव?"

रुचिकानं सांगितलं.

"पालक इथं सही करा."

वर्षाराणीनं सही केली. भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, बाजारातून यायला वेळ नव्हता, म्हणून ते काम तिच्याकडे आलं होतं.

"आता दुसरीचं. फोनवर तुम्ही दोन मुली म्हणाले होते. दुसरी कुठंय?"

"मीच," वर्षाराणी म्हणाली.

बाबूनं तिच्याकडे पाहिलं, मग रुचिकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तो उठून आत गेला आणि प्राचार्यांनाच घेऊन आला. काळबांडे मॅडम बुटक्या, गोलसर, पदर खोचलेल्या. नुकत्याच स्वतः वर्गातली कोळ्यांची जाळी काढत असाव्यात असं त्यांच्या केसांवरून दिसत होतं.

"तुम्ही खरंच शिकणार आहात? की फक्त नाव लावायला आलात?"

"मले माहीत नाही, मॅडम," वर्षाराणी खरं तेच बोलली. "मामाजींनी पाठवलं."

मॅडम खळखळून हसल्या. "सासऱ्यांनी पाठवलेली सून मी पहिल्यांदा बघतेय. नाहीतर इथं सगळ्या सासऱ्यांना न सांगता येतात. बसा. तुमच्या पालकांची सही?"

वर्षाराणीनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"तुम्ही मोठ्या आहात की हो," मॅडम म्हणाल्या. "तुमची तुम्हीच करा."

परत येताना ऑटोत रुचिका रुसून बसली होती. नाक्याजवळ ऑटो थांबल्यावर ती म्हणाली, "हे पाह्य, काकू. कॉलेजात मले 'बाळा' म्हनायचं नाही. डब्बा मांडीवर घेऊन 'जेवली का' विचारायचं नाही. आपन एका घरच्या हाओत हे कोनाले सांगायचं नाही. तू तुह्या बाकावर, मी माह्या."

"बरं, बाळा," वर्षाराणी म्हणाली.

"काकू!"

*

पहिल्या दिवशी वर्षाराणी वर्गात शिरली तेव्हा सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. कोण आलं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. तरी सगळ्या उभ्या म्हणून तीही उभी राहिली. शेवटी रुचिकानं कपाळाला हात लावला. "बसा वं साऱ्या! मॅडम नाहीत त्या. काकू हाय माही."

असा रुचिकाचा नियम रुचिकानंच मोडला.

वर्षाराणी काही हुशार विद्यार्थिनी निघाली नाही. पहाटेपासून जुड्या बांधलेल्या असायच्या, त्यामुळे इतिहासाच्या तासाला खालची गिरणी सुरू झाली की तिला पाळण्यात घातल्यासारखी झोप यायची. मागच्या बाकावरची पोरगी पेनानं टोचून तिला उठवायची. इंग्रजीच्या पहिल्या चाचणीत ती नापास झाली. पेपर घडी करून तिनं पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन रात्रीच्या भाकरी थापल्या.

पण पोरींना ती आवडली. तिच्या डब्यातली ठेच्याची वाटी चारही खोल्यांत फिरायची. कुणाला घरून लग्नाचं बोलणं आलं, कुणाचं पोट दुखतंय, कुणाला साडी नेसता येत नाही, सगळ्या तिच्याकडे यायच्या. आणि वर्षाराणी सल्ला देण्याऐवजी त्यांच्यात बसून हसायला शिकली. घरी ती हसायची, पण पदराआड. इथं तिचा आवाज जिन्यावरून खाली गिरणीपर्यंत जायचा. एकदा तर गिरणीवाल्यानं वर येऊन विचारलं, "काही झालं का?"

रुचिकाला हे पचत नव्हतं. 'तुमची काकू लय भारी हाय' हे वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. ती अजून मोबाईलवर अकोल्याच्या मैत्रिणींचे फोटो बघत बसायची.

मग एका दुपारी पोरींनी तास बुडवायचं ठरवलं. "चला ना काकू, पद्मतीर्थाच्या रस्त्यावर कचोरी मस्त भेटते." वर्षाराणीनं आयुष्यात कधी काही बुडवलं नव्हतं, शाळा नाही, उपास नाही, जुड्या नाहीत. तिनं वर्गाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि पर्स उचलली. रुचिकाही नाइलाजानं मागून गेली.

कचोरी गरम होती. पहिला घास तोंडात आणि समोरून रिकामे क्रेट घेऊन येणारा ऋषिकेशचा टेम्पो. त्यानं ब्रेक मारला. पोरींच्या घोळक्यात उभी असलेली, ओठाला चिंचेची चटणी लागलेली बाई आपलीच आहे, हे त्याला पटायला वेळ लागला.

"सुटलं कॉलेज?"

"मॅडम नाही आल्या आज," वर्षाराणी म्हणाली. इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. टेम्पो गेल्यावर पोरींनी टाळ्या वाजवल्या. रुचिकासुद्धा हसली. लगेच तिनं तोंड फिरवलं, पण हसली.

*

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी रुचिकाची बातमी आली.

भाजीवाल्यांच्या घरी महालक्ष्म्या म्हणजे दुप्पट काम. आदल्या दिवशी सगळ्या गावाला सोळा भाज्या पुरवायच्या आणि मग स्वतःच्या घरी सोळा भाज्या शिजवायच्या. ज्येष्ठा-कनिष्ठा नवी लुगडी नेसून बसल्या होत्या. पाहुण्यांची पंगत उठली होती, आता घरच्या माणसांची बसली होती: रंगराव, दोन्ही मुलं, आणि गुडघे दुखतात म्हणून प्रयागबाईही. ललिताबाई पुरणपोळ्या वाढत होती, वर्षाराणी कढी.

"अकोल्याचा फोन होता," दिनेश म्हणाला. "शेवटच्या यादीत रुचिकाचं नाव लागलं. बीएस्सीले." आणि मग बायकोकडे बघत, जणू हा निर्णय त्याचाच असल्यासारखा, "जाऊ दे म्हनतो मी."

ललिताबाईनं त्याच्या ताटात एकदम दोन पोळ्या टाकल्या. गेले आठ दिवस ती रोज रात्री नवऱ्याचं डोकं खात होती, हे वर्षाराणीला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"जा बाप्पा," रंगराव म्हणाले. "सीट भेटली तं जा."

"मंग लहानी सून मोकळी झाली," प्रयागबाई कढीची वाटी पुढं करत म्हणाल्या. "पोरीसाठीच जात होती ना ते. आता तुरीच्या निंदणाले मानूस पाहाची गरज नाही."

"तेच म्हनतो मी," ऋषिकेशनं सुस्कारा सोडला. "लय हाल झाले माहे. दुपारी घरी आलो तं चहा नाही भेटत."

वर्षाराणीच्या हातातला कढीचा डाव वाटीवर तसाच थांबला. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. या घरात दिलेला शब्द मोडत नाही, हा तिचा आधार होता.

"माहा शब्द रुचिकाले होता," रंगराव सावकाश म्हणाले. "ते जाऊन राह्यली. शब्द संपला."

दाराशी उभ्या असलेल्या रुचिकाला हे बघवलं नाही. "असं कसं संपलं, आबा? काकूनं काहून सोडायचं? तिचं तिथी किती जमलं हाय! साऱ्या पोरी तिच्याच मांगं. मांगच्या महिन्यात तास बुडवून कचोरी खायले गेल्या तं काकूलेच घेऊन..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

ऋषिकेशचा घास हातात राहिला. "म्हंजे त्या दिवशी मॅडम आल्या होत्या?"

डाव अजून हवेतच होता. वर्षाराणीनं तो भांड्यात ठेवला.

"आल्या होत्या," ती म्हणाली.

ललिताबाई पदरात तोंड घालून हसायला लागली. दिनेश ताटात बघत राहिला. प्रयागबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू ती घरात आत्ताच आली होती.

"लग्न होऊन आली तवापासून हिनं मले न विचारता चहाचा कप उचलला नाही," त्या म्हणाल्या. "आन् रस्त्यावर उभी राहून कचोरी खाल्ली?"

"खाल्ली, आत्याबाई."

"हेच शिकवतात का तथी?" ऋषिकेशनं आवाज चढवला. "बाबा, आता तं..."

"थांब," रंगराव म्हणाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "सूनबाई, तू सांग. तुले काय म्हनाचं हाय?"

त्या घरात हा प्रश्न वर्षाराणीला पहिल्यांदाच विचारला जात होता. मी पहिली येते, असं म्हणावं तर ती येत नव्हती. नोकरी लागेल म्हणावं तर ते तिचं तिलाच पटत नव्हतं. मग ती होतं तसं सांगायला लागली.

"मामाजी, मी काही हुशार नाही. इतिहासाच्या तासाले झोपतो. इंग्रजीत नापास झाली. पेपर माह्या पर्समधी हाय, दाखवतो पाहिजे तं. मले जा म्हनतानी कोनी विचारलं नव्हतं, आन् आता राह्य म्हनतानी बी कोनी विचारलं नाही. तुमी विचारलं म्हनून सांगतो."

"पन मंग कायले जायचं?" प्रयागबाई खरोखरच कोड्यात पडल्या होत्या. "झोपतं, नापास होतं, तं जाऊन उपेग काय?"

"मले आवडते तथी," वर्षाराणी म्हणाली.

रंगरावांना वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट लागत नाही, भासऱ्यांना भाकरी कडक लागते, आत्याबाईंना चहा साखर कमी पण दोनदा उकळलेला, ऋषिकेशला वरणात लसूण जाळलेला; हे सगळं वर्षाराणीच्या हाताला पाठ होतं. पण वर्षाराणीला काय आवडतं, हे आज पहिल्यांदा त्या घरात उच्चारलं गेलं होतं, आणि त्याचं करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. ऋषिकेशला आठवून बघायचं होतं, बायकोला अजून काय काय आवडतं. पण आठवायला काही सापडेना.

"कशी होती?" प्रयागबाईंनी अचानक विचारलं.

"काय, आत्याबाई?"

"कचोरी."

"गरम होती. वरून चिंचेची चटनी, बारीक शेव."

"मले कधी आनली नाही कोनी." त्यांनी धाकट्या मुलाकडे रोखून पाहिलं. "रोज त्याच रस्त्यानं टेम्पो नेतं ना बे तू? कधी आईसाठी पुडी बांधून आनली?"

"आई, गोष्ट कचोरीची हाय का?"

"मंग कोनती हाय? ते कमीत कमी गेली तं होती. मी या गावात म्हातारी झाली, ती कचोरीची गाडी कोन्या बाजूले लागते हे बी मले माहीत नाही." त्या गुडघ्यावर हात ठेवून सरसावून बसल्या. बाजू बदलायची असली की त्या अशाच बसत. "जाऊ दे तिले. मेथीच्या जुड्या तू बांधत जाजो सकाळी. टेम्पोचे आरसे पुसून पुसून पातळ झाले."

दिनेश फसकन हसला. रंगरावांनी मान डोलावली आणि कढी मागितली. ऋषिकेश बराच वेळ ताटातल्या पोळीचे तुकडे करत राहिला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "सुतळी दातात धरूनच बांधा लागते का?"

"सवय झाली का हातानं बी जमते," वर्षाराणी म्हणाली आणि त्याच्या वाटीत काठोकाठ कढी वाढली.

संध्याकाळी वर्षाराणी मोरीवर भांडी घासत होती, तेव्हा रुचिका तिच्या शेजारी येऊन बसली. राखेनं काकूचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"काकू, राग आला का? कचोरीचं चुकून निघालं तोंडातून."

"राग कायचा? तूच तं कॉलेजात नेलं मले."

"म्या तुले अडकवलं होतं. मले वाटलं होतं, आबा नाही म्हनतीन आन् मी सुटीन."

"माहीत हाय मले, बाळा," वर्षाराणी म्हणाली, आणि यावेळी रुचिका रागावली नाही.

*

रुचिका अकोल्याला गेली त्याच्या पुढच्या सोमवारी वर्षाराणी एकटीच नाक्यावर ऑटोत बसली. सकाळच्या मेथीच्या जुड्या ऋषिकेशनं बांधल्या होत्या. निम्म्या सैल होत्या, बाजारात सुटल्या असणार. तिनं त्या पुन्हा बांधल्या नाहीत. बांधाव्यात असं फार वाटलं, पण नाही बांधल्या.

वर्गात काळबांडे मॅडम इंग्रजी घेत होत्या. वर्षाराणी पहिल्या बाकावर बसली होती, कारण मागं झोप येते. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरायला लागला. रुचिका. तो थांबला आणि पुन्हा थरथरला. तिनं बाकाखाली धरून मेसेज पाहिला. 'काकू, मेसची भाजी खाल्ल्या जात नाही. दोडके हाय. रडू येऊन राह्यलं. बोल ना.'

घरच्या कुणी तिला हाक मारावी आणि तिनं हातातलं टाकून उठू नये, असं कधी घडलं नव्हतं. ती अर्धी उठलीही. मॅडमनी फळ्यावरून मागं वळून पाहिलं.

"काय वर्षाराणी? बाहेर जायचंय?"

खालची गिरणी सुरू झाली होती आणि बाक हळू थरथरत होता. वर्षाराणी खाली बसली. एका बोटानं, अक्षरं शोधत, तिनं लिहिलं: 'लेक्चर चालू हाय. सुटल्यावर करतो.'

"नाही मॅडम," ती म्हणाली. "शिकवा तुमी."

आणि फोन बंद करून तिनं पर्समध्ये टाकला.